खडकीला पाणी आणणारा हबशी

मलिक अंबर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या इतिहासातल्या दोन गोष्टी आठवतात. तो हबशी होता आणि गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आला, ही एक. गनिमी काव्याने त्याने जहांगीर बादशहाच्या फौजांना जेरीस आणले, ही दुसरी. शहाजीराजांचा धडा सुरू होण्याआधी पान-दीड पानात त्याची बोळवण होते आणि मास्तर पुढे जातात. त्याने एक शहर वसवले आणि त्या शहराला पाणी पाजले, ही तिसरी गोष्ट त्या पान-दीड पानात मावत नाही. लढाया जिंकणारे सरदार आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. कोरड्या खडकावर शहर मांडायचे आणि माणसे यायच्या आत त्यांच्या घशाची सोय करायची, असा विचार करणारे फार थोडे.

ते शहर म्हणजे खडकी. पुण्याशेजारची नव्हे, मराठवाड्यातली. अंबरच्या मागे तिचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून सरकारदप्तरी छत्रपती संभाजीनगर. नावांचा इतिहास हा आजचा विषय नाही. मी आपला खडकीच म्हणतो, कारण अंबर तिला खडकी म्हणत होता, आणि त्या नावात तिथल्या जमिनीचे सगळे दुखणे आले आहे.

इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात त्याचा जन्म झाला. नाव चापू. कोणी म्हणतात आईबापांनी गरिबीपोटी विकला, कोणी म्हणतात धरपकडीत सापडला. एवढे खरे की पोरवयातच तो तांबड्या समुद्राच्या बाजारपेठांतून हात बदलत बदलत बगदादला पोचला. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, मुसलमान केले, लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे काळपट, सुवासिक द्रव्य. गुलामांना अशी सुगंधांची, रत्नांची नावे ठेवण्याची तेव्हा रीत होती. माणसाचे घर, आईबाप, बोली सगळे काढून घ्यायचे आणि वर अत्तराचे नाव द्यायचे!

१५७० नंतरच्या काही वर्षांत मीर कासिमने त्याला दख्खनेत आणले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याला विकले. हा चंगीजखान स्वतःही हबशी, स्वतःही एके काळचा गुलाम. त्याच्या पदरी हजारभर हबशी होते म्हणतात. युरोपियनांनी अमेरिकेत चालवलेल्या गुलामगिरीचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून इथल्या हबशांकडे पाहिले तर गल्लत होते. इथला गुलाम हा मुख्यतः लढवय्या. भाऊबंद नाहीत, वतन नाही, गावकी नाही, म्हणून तो धन्याशी एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा हिशेब. धनी मेला की बहुधा तो मोकळा होई आणि स्वतःच्या तलवारीवर चाकरी शोधी. १५७५ च्या आसपास चंगीजखान मेला, त्याच्या बायकोने अंबरला मोकळे केले. अंबरने बीबी करीमाशी लग्न केले. पुढे त्याने आपल्या एका मुलाचे नाव चंगीजखान ठेवले. ज्याने आपल्याला विकत घेतले त्याचे नाव मुलाला द्यावे, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. नीट पाहिले तर त्या माणसाला वडिलांच्या जागी दुसरे कोण होते?

त्यानंतरची वीस वर्षे तो दख्खन पायाखाली घालत होता. विजापूरकरांकडे काही काळ काढला, मलिक हा किताबही तिकडचाच. १५९५ मध्ये दीडशे घोडेस्वारांनिशी तो निजामशाहीत परतला, तेव्हा अहमदनगरला मोगलांचा वेढा पडत होता. चांदबिबीची कथा आपल्याला ठाऊक आहे. १६०० मध्ये ती मारली गेली आणि किल्ला पडला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला, सरदारांनी वाटा धरल्या. अंबर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. त्याने निजामशाही घराण्यातला एक वारस हुडकून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले. म्हणजे आधी राजा तयार केला, मग राज्य. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांकडून मार खाल्ला, जखमी झाला, वाचला. पुढे परांड्याहून कारभार जुन्नरला हलवला. राजू दख्खनी नावाच्या प्रतिस्पर्ध्याला संपवले आणि १६१० मध्ये दौलताबाद ही निजामशाहीची राजधानी केली.

त्याच साली एक वाईट गोष्टही घडली, ती वगळून चालणार नाही. १६१७ मध्ये व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी अंबरच्या छावणीत येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की निजामशहाची थोरली बेगम अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवत असे, अंबरविरुद्ध कटही शिजत होता, म्हणून अंबरने राजाला आणि बेगमेला विष घालवले. राजाचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर आला आणि सत्ता पूर्णपणे अंबरच्या हाती गेली. ज्याला स्वतः गादीवर बसवले त्यालाच उतरवले. त्या काळाच्या दरबारांत यात नवे काही नव्हते, पण म्हणून ते पचनी पडावे असेही नाही.

आता दौलताबाद. हा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याच्या बळकटीबद्दल सांगायला नको. तासलेला डोंगर, खंदक, अंधारी वाट. यादवांची देवगिरी तीच. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे इथेच आणली होती. मात्र वेढा सोसण्याची जागा वेगळी आणि पोट भरण्याची जागा वेगळी. किल्ला डोंगराच्या बेचक्यात अडकलेला. हत्ती हौदासारखा प्रचंड हौद तिथे आहे, डोंगरातले पाणी खापरी नळांनी आणून भरावा लागे, यावरूनच तिथल्या टंचाईची कल्पना येते. फौज, बाजार, घोडे, कारागीर या सगळ्यांना पसरायला तिथे जागा नाही. अंबरने किल्ला किल्ल्याच्या कामाला ठेवला आणि शहरासाठी तिथून पंधरा किलोमीटरवरचे, खाम नदीच्या काठचे खडकी नावाचे खेडे निवडले.

ही निवड डोळे मिटून केलेली नाही. दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर (हा साताऱ्याचा सातारा नव्हे, तिथलेच एक गाव), उत्तरेला डोंगरांची दुसरी रांग, मधे सपाट मैदान. बऱ्हाणपुराहून अजिंठ्याचा घाट उतरून येणारी वाट इथून जाते. मोगल आले तर त्याच वाटेने येणार, आणि व्यापारीही त्याच वाटेने. पश्चिमेला वेरूळ, दक्षिणेला गोदेकाठचे पैठण. सातवाहनांच्या काळापासून बैलांच्या तांड्यांनी मळलेले हे रस्ते. शहर कुठे बसणार हे राजा ठरवतो असे आपण मानतो, पण पुष्कळदा ते आधी बैलांनी ठरवलेले असते.

एकच गोष्ट नव्हती. पाणी. खाम ही नदी म्हणायची एवढेच, पावसाळा सरला की तिची रया जाते.

इथे थोडे माझे सांगतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बँकेने मला या शहरात पाठवले आणि शेतीकर्जाचे टेबल दिले. त्या टेबलावरचे निम्मे कागद विहिरींचे. कर्ज मंजूर करण्याआधी जागा पाहायची, म्हणून हरसूल, सावंगी आणि त्यापलीकडची गावे मी मोटारसायकलवरून पालथी घातली. मी पुस्तके लिहिणारा माणूस, भूगर्भशास्त्र कुठले येणार? पण तीन वर्षे विहिरींच्या काठावर उभे राहिले की काही गोष्टी अंगात मुरतात. वर हातभर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. काळा पाषाण लागला की सुरुंग लावा, आडवी बोअर मारा, नाहीतर कपाळाला हात लावा. शेतकरी पाणाड्या आणतो, पाणाड्या हातात नारळ घेऊन शेतभर फिरतो आणि एका जागी थांबतो. आम्ही पासबुकाची नोंद पाहून थांबायचो. दोघांचे अंदाज साधारण सारखेच चुकत.

अशाच एका फेरीत ज्वारीच्या वावरात दगडी चुनेगच्ची तोंड दिसले. विहीर म्हणावी तर फार अरुंद. वर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. मालक म्हणाला, नहरीचे आहे, पोरे-शेरडे पडू नयेत म्हणून झाकले आहे. खाली वाकून पाहिले तर दिसले काही नाही, पण वाहत्या पाण्याचा बारीक आवाज स्पष्ट येत होता. मे महिना होता. शेजारच्या नव्या विहिरीत, जिच्यासाठी आमच्याकडे कर्ज मागितले होते, तळाला चिखल. मी त्या दिवसापासून अंबरच्या मागे लागलो.

नहर-ए-अंबरीची कल्पना सांगायला सोपी आणि करायला महाकठीण आहे. नदीवर बांध घालून पाणी अडवायचे नाही. शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी, हरसूल-सावंगीच्या बाजूला, जिथे पावसाचे पाणी मुरमात मुरून खडकावर साचते, तिथे जमिनीखाली शिरायचे. ते मुरलेले पाणी पाझरून एका भुयारात गोळा होऊ द्यायचे आणि त्या भुयाराला शहराकडे इतका बेताचा उतार द्यायचा की पाणी आपोआप चालत येईल. उतार जास्त झाला तर पाणी भिंती खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. ना मोट, ना रहाट, ना जनावर. ठरावीक अंतरावर वर तोंडे ठेवायची, म्हणजे खोदताना माती निघते, कामगाराला हवा मिळते आणि पुढे गाळ काढायला माणूस उतरू शकतो. अशी एकशे चाळीस तोंडे होती असे सांगतात. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून हौदांत, हौदांतून मोहल्ल्यांत आणि कारंज्यांत. उन्हाने आटत नाही, गुरे घाण करीत नाहीत, आणि शत्रूला सहजी सापडत नाही.

या कामाची एक आख्यायिका आहे. दरबारातला मुल्ला महंमद नावाचा वजीर योजना ऐकून हसला म्हणे. डोंगरातले पाणी जमिनीखालून चालवत आणणे हे स्वप्न आहे, असे त्याचे मत पडले. अंबरने पंधरा महिन्यांत, अडीच लाख रुपयांत पाणी आणून दाखवले. वजिराचे हसणे खरे असेल, कारण खर्चाच्या टेबलावर असा एक माणूस प्रत्येक कचेरीत असतोच. या नहरीवर किती लाख लोकांची तहान भागे याचेही आकडे सांगितले जातात. ते मी बाजूला ठेवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीने गोल आकड्यांवरचा माझा विश्वास उडवला आहे.

ही विद्या अंबरला कुठून मिळाली? इराण-इराकात अशी भुयारी पाण्याची रीत हजारो वर्षांची. तो बगदादला वाढला, तेव्हा त्याने ती पाहिली-ऐकली असेल हा तर्क मोहात पाडणारा आहे. पण एवढे लांब जायचे कारण नाही. बिदरला बहामनींच्या काळात करेझ होत्या. ज्या अहमदनगरात त्याची उमेदवारी गेली, तिथे आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. आणि सगळ्यांत गमतीचा भाग बऱ्हाणपूरचा. तिथे मोगलांचा सरसेनापती अब्दुर्रहीम खानखाना तळ देऊन होता. कवी, विद्वान आणि अंबरचा वर्षानुवर्षांचा शत्रू. त्याच्याच कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून बऱ्हाणपुरात आणले गेले. कुंडी भंडारा म्हणतात त्याला, आजही पाहता येतो. दोन वर्षांच्या अंतराने इकडे अंबरची नहर. एकमेकांचा चारा जाळणारे हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेतले निघाले.

दोन वर्षांच्या अंतराने म्हणालो, त्याला एक कारण आहे. खडकी १६१० पासून वसत होती. अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभारला, काळ्या दगडाच्या मशिदी बांधल्या, नौखंडा महाल बांधला. त्याच्या मराठा सरदारांनी पुरे वसवले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांची. ज्या घराण्यांतून पुढे स्वराज्य उभे राहिले, त्यांची घरे या हबशाच्या शहरात होती. आणि मग १६१६ मध्ये घात झाला. लखुजी जाधवरावांसह काही बडे सरदार फुटून मोगलांना मिळाले. जालन्याजवळ रोशनगावाला अंबरचा मोठा पराभव झाला. खानखानाचा मुलगा शाहनवाजखान खडकीत शिरला आणि सहा वर्षांचे शहर त्याने जाळून, पाडून टाकले.

पुढच्याच साली शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, प्रचंड फौजेनिशी दक्षिणेत आला. अंबरला तह करून अहमदनगर आणि बालाघाटचा मुलूख द्यावा लागला. वय सत्तरीकडे झुकलेले, राज्य अर्धे गेलेले, शहराची राख झालेली. याच सुमारास, १६१७ मध्ये, नहरीचे काम निघाले. आधी महाल पुन्हा बांधले नाहीत असे नाही, पण जमिनीखाली पंधरा महिने खोदकाम करायला या वेळी कोण काढेल? माझ्या बँकेतल्या भाषेत सांगायचे, तर जळालेल्या दुकानाचा मालक विम्याची वाट न पाहता दुप्पट भांडवल घालतो आहे, आणि तेही दिसणार नाही अशा जागी. १६२१ मध्ये मोगलांनी खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. हे शहर वीस वर्षांतही पूर्वपदाला येणार नाही, असे त्यांनी समाधानाने नोंदवून ठेवले. वरचे जळण्यासारखे सगळे जळाले. उतार कसा जाळणार? शहर पुन्हा उभे राहिले, आणि वीस वर्षांच्या पुष्कळ आत.

पाण्याइतकेच त्याचे जमिनीचे काम मोठे आहे, आणि तिथे तर मी अधिक घरचा. सततच्या युद्धांनी निजामशाही मुलूख उजाड झालेला. सारा वसुलीचे मक्ते दिलेले. मक्तेदार जो आकडा बोलेल तो सरकारात भरणार आणि रयतेकडून हवे तेवढे काढणार. अंबरने मक्ते बंद केले. जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरवला. सुरुवातीला उत्पन्नाचा दोन-पंचमांश धान्यात, पुढे रोख भरायचा झाल्यास साधारण एक-तृतीयांश. पाटील-कुलकर्ण्यांची जुनी वतने कायम केली, मिरासदारांचा जमिनीवरचा हक्क मानला, पडीक जमीन लागवडीला आणली. यालाच पुढे मलिकंबरी धारा म्हणू लागले. शिवाजीमहाराजांच्या लहानपणी पुणे जहागिरीची घडी बसवताना हीच पद्धत समोर होती.

कर्ज देणारा माणूस म्हणून मला यातली एक गोष्ट भावते. शेतकऱ्याला किती भरायचे हे पेरणीआधी माहीत असले, तर तो पेरतो. माहीत नसले तर गाव सोडतो. शहराला पाणी लागते तसे धान्यही लागते, आणि धान्य आणणारा माणूस शहराबाहेर राहतो. पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघातली खेडी पिकत नसतील तर खडकीचा बाजार चार दिवसांत ओस पडला असता. व्हान डेन ब्रुकने त्याच्या मुलखातल्या रस्त्यांचे कौतुक केले आहे. सोने घेऊन बेलाशक प्रवास करता येतो असा त्याचा अनुभव. त्याच दमात तो हेही सांगतो, की दारू पिऊन झिंगणाऱ्याच्या घशात अंबर वितळलेले शिसे ओतवतो. सुरक्षित रस्त्यांची किंमत त्या काळी अशी मोजली जात होती.

आग्र्याला मात्र त्याचा निव्वळ संताप. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख शिवीशिवाय करीत नाही. त्याने दरबारी चित्रकार अबुल हसनकडून एक चित्रच काढून घेतले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोवलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्र डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाला कधी मिळाले नाही, म्हणून रंगात मिळवले. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने अंबरकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे ऐकले होते. मोगलांचे बळ याच्या कितीतरी पट. पण ओझ्याने वाकलेल्या त्यांच्या फौजा घाटात शिरल्या, की हलक्या घोड्यांवरचे मराठे रसद तोडत, चारा जाळत, रात्री छावणीवर पडत आणि उजाडायच्या आत दिसेनासे होत. कुठल्या दरीत पाणी आहे आणि कुठल्या नाही हे ज्याला ठाऊक, त्याची ही लढाई.

१६२४ ची भातवडीची लढाई हा त्याचा कळस. अंबर तेव्हा पंचाहत्तरी उलटलेला. मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन त्याच्यावर चालून गेले. अहमदनगरपासून (आताचे अहिल्यानगर) जवळच भातवडीचा तलाव आहे. अंबरने त्याचे पाणी सोडून सगळा प्रदेश चिखल करून टाकला. तोफा, हत्ती, गाडे रुतले. रसद येईना, माणसे उपाशी. मग रात्रीचे छापे आणि शेवटचा घाला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच पडले. शिवभारतात या युद्धाचे वर्णन आहे आणि त्यात अंबरविषयी आदर आहे.

मे १६२६ मध्ये तो गेला. लढाईत नव्हे, म्हातारपणाने. ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच इतिहासकाराने, मुतामदखानाने, त्याच्या कारभाराची आणि शौर्याची मोकळ्या मनाने तारीफ केली. मुलगा फतेहखान गादीमागचा धनी झाला आणि त्याने खडकीला आपले नाव दिले, फतेहनगर. बापाने वसवलेल्या शहराला स्वतःचे नाव देणारा मुलगा पुढे काय करणार हे वेगळे सांगायला नको. सात वर्षांत, १६३३ मध्ये, दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, त्याने इथेच ठाण मांडले आणि शहर औरंगाबाद झाले. राहण्यासारखे शहर त्याला आयते मिळाले, कारण पाणी आधीच येऊन बसले होते. पुढच्या काळात अंबरच्या नहरीच्या नमुन्यावर आणखी दहा-अकरा नहरी झाल्या. आपण सहलीला जातो ती पाणचक्की अठराव्या शतकातली, तिची नहर वेगळी. तिथला वाटाड्या कधी कधी सगळे श्रेय अंबरला देऊन टाकतो. तेवढे चालवून घ्यावे, इतरत्र त्याचे श्रेय बुडालेलेच आहे.

विसाव्या शतकात शहर वाढले, नळ आले, हौद बुजले. आता शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. पन्नासएक किलोमीटरवरून, चढावर पंपांनी उचलून. वीज गेली, वाहिनी फुटली की शहर थांबते. २०२२ च्या उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ आले आणि पाण्यासाठी मोर्चा निघाला. नहर पुन्हा चालू केली तर प्रश्न सुटेल, असे म्हणणारा मी नाही. लाखोंच्या शहराला ती पुरणार नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी मुरायचे, तिथे वसाहती झाल्या. भुयारावर पाया खणताना तोंडे बुजवली गेली, काही ठिकाणी त्यात सांडपाणी सोडले गेले. विनाखर्चाने चालणारी एक वाट होती, तिची मोडतोड करून आपण पंपाचे बिल भरतो आहोत, एवढे मात्र हिशेबात धरायला हवे. इतिहासाचे आणि पाण्याचे अभ्यासक गेली कित्येक वर्षे नहरीचे नकाशे करून, गाळ काढून ती जपावी म्हणून सांगत आहेत. मी पाहिलेले ते ज्वारीचे वावर आता नाही. तिथे चार मजली इमारती आहेत आणि दारात पाण्याचे टँकर.

अंबरची कबर खुलदाबादला आहे, जर जरी जर बक्षांच्या दर्ग्यापासून जवळ. जिवंतपणीच त्याने ती बांधून घेतली होती. दगडी, घुमटाची, भक्कम. शेजारी बीबी करीमाची. त्याच गावात औरंगजेबाचीही कबर आहे, उघडी, साधी, आणि तिथे बघ्यांची रीघ असते. तिथून विचारत विचारत चालत गेले तर अंबरकडे पोचता येते. मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा आवारात शेरडे चरत होती आणि दुसरे कोणी नव्हते.